सोन्याच्या घड्याळात किती वाजले?

दिवाळसणाला जावई सासुरवाडीला यायचा, पहाटे अभ्यंगस्नान व्हायचे, पाटाभोवती रांगोळी निघायची आणि फराळाच्या ताटाशेजारी आहेर ठेवला जायचा. विसाव्या शतकात या आहेरात मनगटी घड्याळ शिरले आणि पुष्कळ वर्षे तिथे ठाण मांडून बसले. घड्याळ वेळ बरोबर दाखवते की नाही, ही चौकशी सहसा कोणी करीत नसे. ‘कोणत्या कंपनीचे?’ आणि ‘पट्टा कसला?’ हे प्रश्न मात्र हटकून विचारले जात. त्या उत्तरांपायी सासऱ्याला चार ठिकाणी हात पसरावे लागले असतील, तर ती गोष्ट माजघरातच राहत असे.

वस्तुतः वेळ ही मोठी समदर्शी. ती कोणाचा खिसा पाहत नाही. मग जे काम शंभराच्या वस्तूने होते, त्यासाठी दुसऱ्याने लाख का मोजावेत? ‘हौसेला मोल नाही’ हे उत्तर घरात चालते. इतिहासाला तोच प्रश्न विचारला, तर उत्तर इतके सोपे येत नाही. घड्याळाचाच इतिहास या दृष्टीने चाळून पाहण्यासारखा आहे; कारण गरिबापासून राजापर्यंत सर्वांनी वापरलेले आणि सर्वांनी मिरवलेले असे दुसरे यंत्र विरळा.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र असे. घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. ती बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. वाटी चांदीची केली म्हणून घटका लांबत नसे. महत्त्व सारे त्या भोकाला. किमती घड्याळाविषयीचा वाद खरे म्हणजे एवढाच आहे, की आपण पैसे मोजतो ते वाटीचे की भोकाचे?

स्कॉटलंडात अठराव्या शतकात हा प्रश्न अ‍ॅडम स्मिथ याला पडला होता. अर्थशास्त्रावरचा त्याचा विख्यात ग्रंथ १७७६ सालचा. पण त्याच्या सतरा वर्षे आधी नीतिविचारावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने एका घड्याळवेड्या गृहस्थाचे चित्र काढले आहे. या गृहस्थाचे घड्याळ दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. ते त्याला सहन होत नाही. तो ते दोन गिनींना फुंकून टाकतो आणि पंधरवड्यात एका मिनिटापलीकडे न चुकणारे दुसरे पन्नास गिनींना घेतो. पण म्हणून तो भेटीला वेळेवर पोहोचतो काय? मुळीच नाही! स्मिथचे म्हणणे असे, की त्याला वेळेशी कर्तव्य नसते. वेळ दाखवणाऱ्या यंत्राच्या निर्दोषपणाचा त्याला मोह पडलेला असतो. आणि गंमत अशी, की हा मोह फसवा असला तरी याच मोहाच्या पोटी माणूस उद्योग करतो आणि शोध लावतो, हेही स्मिथ तिथेच सांगून जातो. म्हणजे चैनीला त्याने हसूनही घेतले आणि तिला कामालाही लावले.

परंतु किमती घड्याळ नेहमी चैनीपोटीच जन्मते असे नाही. भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहे, हे कळायला निघालेल्या बंदराची वेळ बिनचूक ठाऊक असावी लागते. तेवढे खात्रीचे घड्याळ नव्हते, म्हणून जहाजे खडकांवर आपटत. १७१४ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने या कोड्याच्या उत्तरासाठी २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावले. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने त्यापायी सारे आयुष्य वेचले आणि १७५९ साली मोठ्या खिशातल्या घड्याळाएवढे आपले चौथे यंत्र पुरे केले. १७६१ साली ते जमैकाच्या सफरीवर गेले, तेव्हा ८१ दिवसांत त्याची चूक सुमारे पाच सेकंद भरली.

याची हुबेहूब नक्कल लार्कम केंडॉल याने केली. तिचे मोल ठरले ४५० पौंड. कॅप्टन कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज नौदलाने १७६८ साली सुमारे २,८०० पौंडांना विकत घेतले होते. म्हणजे जहाजाच्या सहाव्या हिश्श्याइतकी किंमत एका घड्याळाची! कुकने १७७२ च्या सफरीत ही नक्कल बरोबर नेली आणि परतल्यावर तिची तोंड भरून स्तुती केली. पण प्रत्येक जहाजाला इतके महाग घड्याळ कोण देणार? केंडॉलने दुसरे २०० पौंडांत आणि तिसरे १०० पौंडांत बनवले. त्यासाठी त्याने हॅरिसनच्या रचनेतले काही काढून टाकले, आणि ही घड्याळे पहिल्याच्या तोडीची उतरली नाहीत. पुढे जॉन आर्नल्ड आणि टॉमस अर्नशॉ यांनी नुसती काटछाट न करता मुळातच सोपी रचना शोधली. तेव्हा कुठे समुद्रावरची घड्याळे स्वस्तही झाली आणि विश्वासाचीही. १८३१ साली डार्विनला घेऊन निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर एक नव्हे, बावीस अशी घड्याळे होती. वस्तूत काटछाट करून येणारी स्वस्ताई आणि नव्या बुद्धीने येणारी स्वस्ताई, या दोहोंतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

आता पॅरिसकडे वळू. अब्राहम-लुई ब्रेगे हा स्वित्झर्लंडातून येऊन तिथे स्थायिक झालेला कारागीर. १७८३ साली राणी मारी आंत्वानेतच्या रक्षक दलातल्या एका अधिकाऱ्याने त्याच्याकडे एक घड्याळ सांगितले. अटी अशा: जेवढ्या करामती ठाऊक आहेत तेवढ्या साऱ्या त्यात हव्यात, जिथे जमेल तिथे इतर धातूंऐवजी सोने वापरावे, आणि पैशाला व मुदतीला मर्यादा नाही. मुदतीला मर्यादा नव्हती, पण काळाला होती. १७८९ साली राज्यक्रांती झाली. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणीचा शिरच्छेद झाला. १८२३ साली ब्रेगेही वारला. घड्याळ पुरे झाले १८२७ साली! मागणीला चव्वेचाळीस वर्षे लोटली होती. तारीख, वार, महिना, उष्णतामान, सारे काही ते दाखवत होते. मात्र ज्या राणीसाठी ते मांडले होते, तिची घटका भरून चौतीस वर्षे झाली होती.

म्हणून हा सारा खर्च व्यर्थ म्हणावा काय? तसे म्हणवत नाही. राजेरजवाड्यांच्या पैशावर ब्रेगेने जे प्रयोग केले, त्यांतलाच एक होता घड्याळ खाली पडले तरी आतला नाजूक आस मोडू नये, यासाठी स्प्रिंगचा आधार देण्याचा. याच कल्पनेची पुढची रूपे विसाव्या शतकात साध्या मनगटी घड्याळांत आली. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. क्रांतीच्या धामधुमीनंतर याच ब्रेगेने एकच काटा असलेले साधे घड्याळ काढले. गिऱ्हाइकाने चौथाई रक्कम आगाऊ भरायची आणि उरलेली घड्याळ हाती आल्यावर. राणीच्या घड्याळात कसब दाखवणाऱ्या हाताला हा साधेपणा सुचला, यात मला त्याचे मोठेपण अधिक दिसते.

तरीही गरिबाच्या खिशात घड्याळ घालण्याचे श्रेय ब्रेगेचे नव्हे. ते जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोफ याचे. हा जन्माने जर्मन, स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फाँ गावात धंदा करणारा. मजुराच्या आठवडाभराच्या कमाईत, म्हणजे २० फ्रँकांत, चांगले घड्याळ मिळावे असा त्याने ध्यास घेतला. त्याने मधले चाक काढले, रचनाच बदलली आणि अवघ्या ५७ भागांत घड्याळ बसवले. गावातल्या कसबी कारागिरांनी नाके मुरडली. असले हलके काम करून आपले नाव का घालवावे, असा त्यांचा सूर. तथापि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात या घड्याळाला कांस्यपदक मिळाले. रॉस्कोफने पैसा वाचवला तो कवचावर आणि नक्षीवर. १८९६ साली अमेरिकेत इंगरसोलने तर एका डॉलरला घड्याळ विकायला काढले.

इथवर पाहता वाटते, की श्रीमंताने प्रयोगाचा खर्च सोसावा आणि पुढे गरिबाला फळ मिळावे, असा हा क्रम आहे. पुष्कळदा तो तसा असतोही. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायको कंपनीने स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. महिन्याला फार तर पाच सेकंदांची चूक. किंमत ४,५०,००० येन, म्हणजे त्या वेळच्या एका लहान मोटारीइतकी. आणि कवच अठरा कॅरट सोन्याचे. आता विजेच्या मंडलाला सोन्याची काय गरज? गरज होती ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना, असे मला वाटते. आतली नवलाई दिसत नव्हती. एवढी किंमत मागायची तर बाहेर काहीतरी दिसायला हवे. सोने तिथे नव्या विद्येचे जामीन राहिले. पुढच्या पंधरा वर्षांत तीच विद्या हातगाडीवरच्या घड्याळांत आली, आणि यांत्रिक घड्याळांच्या कसबावर जगणाऱ्या स्वित्झर्लंडात त्या धंद्यातली सुमारे ९०,००० माणसे घटून ३०,००० च्या आसपास आली. स्वस्ताईही कोणाच्या तरी चुलीवर पाणी ओतून येते, हे विसरून चालणार नाही.

स्वित्झर्लंडला हात दिला तो ५१ भागांच्या प्लॅस्टिकच्या ‘स्वॉच’ने. ते १ मार्च १९८३ रोजी बाजारात आले. त्याच वर्षीच्या एप्रिलात राणीचे ते सोन्याचे घड्याळ जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि चोवीस वर्षांनी परतल्याचे जगाला कळले. दरम्यान, १९९९ साली, ब्रेगेचे जुने नाव विकत घेतले ते याच स्वॉचवाल्यांच्या उद्योगसमूहाने. आणि २००८ साली राणीच्या घड्याळाची प्रतिकृतीही त्यांनीच घडवून घेतली. श्रीमंती वस्तू गरिबी वस्तूला वाट करून देते म्हणतात. इथे प्लॅस्टिकने सोन्याला सांभाळले.

मात्र २०१५ साली अ‍ॅपल कंपनीने काढलेल्या सोन्याच्या घड्याळाला या मालिकेत कुठे बसवावे, हे मोठे अवघड आहे. किंमत १०,००० डॉलरपासून १७,००० डॉलरपर्यंत. आतले यंत्र मात्र ३४९ डॉलरच्या साध्या घड्याळातलेच! म्हणजे वाटी सोन्याची आणि भोक तेच. सुमारे दीड वर्षाने कंपनीने सोन्याचा नाद सोडला. २०१८ सालापासून त्या पहिल्या पिढीच्या घड्याळांना, स्वस्त असो वा महाग, नवी आज्ञावली मिळेनाशी झाली. ब्रेगेचे घड्याळ दोनशे वर्षांनीही दुरुस्त होऊ शकते; इथे सोने टिकले आणि यंत्र आधी म्हातारे झाले.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी पंडिताने १८९९ साली लिहून ठेवले, की हाताने घडवलेल्या चांदीच्या चमच्याला मान मिळतो त्याचे एक मोठे कारण त्याची किंमत. जेवायला यंत्राचा चमचाही तितकाच चालतो. या मताला उत्तर देणारे म्हणतात, की सोनाराच्या घरची चूलही त्या हौसेवरच पेटते. हे खोटे नाही. पण सोनाराला काम हवे असेल तर त्याने दागिना घडवावा. दागिना आजीकडून नातीकडे जातो. चार वर्षांत निकामी होणाऱ्या यंत्राभोवती सोने ओतणे म्हणजे बर्फाला चांदीचा वर्ख लावणे.

तेव्हा महाग वस्तूचे तीन प्रकार करावेत, असे माझे मत आहे. एक, विद्या नवी आहे म्हणून महाग. तिचा खर्च आज कोणीतरी सोसला तर उद्या ती सर्वांची होते. दुसरी, कसब दुर्मीळ आहे म्हणून महाग. तिच्यामुळे निदान कसब जगते. तिसरी, महाग दिसावी म्हणून महाग. पहिलीला मान द्यावा, दुसरीचे कौतुक करावे आणि तिसरीसाठी निदान कर्ज तरी काढू नये.

आणि एक चौथाही प्रकार आहे, जो बाजारात मिळत नाही. मुंबईचा २८० फुटी राजाबाई टॉवर १८७८ साली उभा राहिला. त्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचे नाव त्याला लावले. त्या काळी एवढ्या पैशांत सोन्याची किती घड्याळे आली असती! ती एका कपाटात राहिली असती. टॉवरच्या घड्याळाकडे मात्र गिरणीतला कामगार, कोर्टातला वकील आणि परीक्षेला धावणारा विद्यार्थी, सगळ्यांनी मान वर करून पाहिले. पुढे १९६१ साली बंगळूरला सिटिझन या जपानी कंपनीच्या साह्याने एच. एम. टी.ची घड्याळे होऊ लागली आणि त्यांतल्या एकाला ‘जनता’ हे नाव मिळाले. तो कारखाना आता बंद झाला. पण रोज सकाळी चावी दिली तर ती घड्याळे अजून कित्येक घरांत टिकटिकताना ऐकू येतात.