त्रिशूळावरचा ‘बी’ : मुंबईच्या टांकसाळीतील व्यापारी डॉलर

मुंबईच्या फोर्ट भागातील टांकसाळीत १८९५ ते १९३५ या काळात चांदीचे एक असे नाणे पाडले गेले, जे मुंबईच्या बाजारात चालवण्यासाठी नव्हतेच. ब्रिटिश व्यापारी डॉलर या नावाने ओळखले जाणारे हे नाणे हाँगकाँग, सिंगापूर, पेनांग आणि चीनची बंदरे यांच्यासाठी होते, आणि ज्या पाण्याच्या पूर्व काठावर आज न्हावा-शेवा बंदर व त्यामागे नवी मुंबई उभी आहे, त्याच पाण्यातून ते बाहेर गेले. शिवराई, होन आणि अंकुशी रुपया यांच्यावर मराठीत आस्थेने लिहिले गेले. मुंबईतच जन्मलेल्या या डॉलरकडे मात्र परक्याचे नाणे म्हणून दुर्लक्ष झाले, आणि हे दुर्लक्ष अन्यायाचे आहे, कारण टांकसाळीतील कारागिरांच्या हाताची खूण जितकी या नाण्यावर वाचता येते तितकी फार थोड्या नाण्यांवर येते.

या डॉलरच्या जन्माची दोन कारणे होती. चीनच्या किनाऱ्यावरील व्यापार मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरवर चालत असे आणि त्यांचा पुरवठा अपुरा पडू लागला होता. हाँगकाँगने १८६६ मध्ये स्वतःची टांकसाळ काढून पाहिली, परंतु ती १८६८ मध्येच बंद करावी लागली आणि तिची यंत्रे जपानने विकत घेतली. दुसरे कारण हिंदुस्थानातील होते. २६ जून १८९३ पर्यंत कोणीही चांदी आणून शुल्क भरले की टांकसाळ त्याला रुपये पाडून देत असे. ही मुभा त्या दिवशी काढून घेण्यात आली, कारण चांदीचा भाव घसरत होता आणि त्याबरोबर रुपयाही घसरत होता. कॅप्टन जॉन हॉकिन्स यांच्या आराखड्यानुसार १८२९ मध्ये पूर्ण झालेल्या टांकसाळीच्या इमारतीतील यंत्रांना त्यामुळे पुरेसे काम उरले नाही, आणि २ फेब्रुवारी १८९५ च्या राजाज्ञेने व्यापारी डॉलरचे काम मुख्यतः त्यांच्याकडे आले.

रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, तर या डॉलरचे ४१६ ग्रेन, म्हणजे सुमारे २६.९६ ग्रॅम किंवा सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक होते. मात्र रुपयात हजारी ९१७ भाग चांदी असे आणि डॉलरात ९००. जॉर्ज विल्यम द सॉल्स यांनी आखलेल्या या नाण्याच्या एका बाजूस त्रिशूळ आणि ढाल धारण केलेली ब्रिटानिया उभी आहे व तिच्या मागे समुद्रात गलबत दिसते. दुसऱ्या बाजूस मधोमध दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह असून ‘एक डॉलर’ हे मूल्य चिनी आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत आहे. मुंबईची ओळख म्हणजे त्रिशूळाच्या मधल्या टोकावरील ‘बी’ हे रोमन अक्षर, जे इतके बारीक आहे की भिंगाशिवाय बहुधा सुटून जाते. कलकत्त्याच्या डॉलरांवर ‘सी’ हे अक्षर ब्रिटानियाच्या पावलाजवळ असते आणि लंडनच्या डॉलरांवर अक्षरच नसते.

पारखीचे खरे काम मात्र सनाच्या आकड्यांपाशी सुरू होते. ठसा म्हणजे ज्या पोलादी साच्याच्या आघाताने चांदीच्या चकतीवर चित्र उमटते तो. तो तयार करण्यास श्रम आणि पैसा लागत असल्यामुळे मागील सनाचा न वापरलेला ठसा टाकून न देता त्यावरच नवा आकडा ठोकण्याची पद्धत होती, आणि जुना आकडा पुरता न मिटल्यास त्याची कड नव्या आकड्याभोवती डोकावत राहते. १९०८ च्या आठाखाली सात आणि १९०९ च्या नवाखाली आठ असलेले मुंबईचे डॉलर ज्ञात आहेत, तर १९०४ च्या काही डॉलरांवर १८९८ या सनाचे अवशेष आहेत, म्हणजे मागील शतकाचा ठसा नव्या शतकात कामाला लावलेला होता. सर्वांत बोलका प्रकार १९२९ चा आहे. १९२१ मध्ये मुंबईत पन्नास हजारांच्या आसपासच डॉलर पडले आणि त्यांतील बहुतेक वितळवले गेल्याने ते आज अतिदुर्मीळ आहेत. परंतु त्या सनाचा ठसा टांकसाळीत जपून ठेवलेला होता, आणि आठ वर्षांनी मागणी येताच शेवटच्या एकावर नऊ ठोकून तो वापरात आणला गेला. १९०२ आणि १९११ या वर्षी प्रत्येकी तीन कोटींहून अधिक डॉलर पाडणाऱ्या टांकसाळीत असा काटकसरीचा हात फिरत होता, हे कागदोपत्री हिशेबापेक्षा नाण्यावर अधिक स्पष्ट दिसते. उलट १९०५ आणि १९०६ या सनांचे व्यापारी डॉलर पाडलेच गेले नाहीत, त्यामुळे तो सन असलेले नाणे समोर आल्यास वजनकाट्याची गरजही पडत नाही.

मधल्या काळात सिंगापूर व पेनांग ज्यात येत त्या स्ट्रेट्स सेटलमेंट्स या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने १९०३ मध्ये स्वतःचा डॉलर आणला आणि तोही मुंबईत पाडला गेला. त्यासाठी परत आलेले व्यापारी डॉलर वितळवण्यात आले, आणि एकोणिसाव्या शतकाअखेरच्या सनांचे पुष्कळ डॉलर असे नाहीसे झाले. चीनमध्ये गेलेल्या डॉलरांवर तेथील सराफ पारख झाल्याची खूण म्हणून बारीक अक्षरांचे ठोके मारीत. अशा नाण्यांची पारखणाऱ्या संस्था आता स्वतंत्र नोंद करतात.

चांदीवर चढणाऱ्या रंगाचा प्रश्न नवी मुंबईत विशेष जिव्हाळ्याचा आहे. हवेतील गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होऊन पृष्ठभागावर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो, आणि त्याची जाडी वाढत जाते तसा प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे आधी पिवळसर, मग तांबूस-जांभळा, त्यानंतर निळा असा रंग दिसून शेवटी नाणे काळे पडते. ठाणे खाडीच्या काठावरील खारफुटीच्या चिखलात सेंद्रिय द्रव्य कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, त्यात दमट हवेची भर पडते, आणि वाशी, ऐरोली किंवा बेलापूरच्या घरांत उघडी ठेवलेली चांदी लवकर काळवंडते. काळी पडलेली चांदी उजळून घेणे ही मराठी घरातील चांगली सवय आहे; लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये रांगोळीने किंवा चिंचेने घासून लखलखीत केले जातात, आणि पूजेपुरते ते योग्यच आहे. परंतु रांगोळीच्या कणांनी उठलेले केसासारखे ओरखडे कायमचे राहतात, आणि आघाताच्या वेळी धातू केंद्राकडून कडेकडे वाहिल्याने आलेली मूळ झळाळी पुन्हा आणता येत नाही. नैसर्गिक रंगाच्या थराखालून ही झळाळी फिरताना दिसते व एक छटा दुसरीत सावकाश मिसळते. गंधकाची धुरी किंवा उष्णता देऊन चढवलेला रंग बहुधा ओरखड्यांवरही बसलेला आढळतो, आणि तेथेच लबाडी उघडी पडते.

नाण्याची प्रत ठरवण्यासाठी जगभर वापरली जाणारी १ ते ७० ही श्रेणी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकन तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. तीत ६० व त्यापुढील अंक चलनात न झिजलेल्या नाण्यांना मिळतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन संस्थांनी नाणे तपासून, अंक देऊन, पारदर्शक डबीत बंद करण्याची पद्धत रूढ केली, आणि घासलेल्या नाण्याला त्या साधा अंक न देता दोषाची नोंद करतात. ही पद्धत उपयुक्त आहे, कारण मुंबईच्या डॉलरच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. परंतु अंक हा पृष्ठभागाचा असतो, ठशाचा नव्हे. नवाखालचा एक ओळखून त्याची नोंद मागणारा डोळा नाणेधारकाकडे असावा लागतो, नाहीतर असा प्रकार साध्या १९२९ च्या नावाने डबीत बंद होऊ शकतो.

भारतातील धारकापुढे याखेरीज कायद्याचीही मर्यादा आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षांचे कोणतेही नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेलाच आहे, खाजगी व्यक्तीला नाही. त्यामुळे १८९५ ते १९२१ या सनांचे मुंबईचे डॉलर तपासणीसाठी परदेशी पाठवण्याचा मार्ग धारकाला खुला नाही, आणि १९२९ चे डॉलर २०२९ मध्ये याच मर्यादेत येतील. तोवर आणि त्यानंतरही त्यांची पारख वजनकाटा, भिंग आणि ठशांची तुलनात्मक छायाचित्रे यांच्या आधारे येथेच व्हावी लागेल.