खर्जाची तार आणि सुताचा धागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी गेलात, तर चादरी-टॉवेलांचे माग थांबलेले असतात आणि एरवी खडखडाटात बुडून जाणारा एक आवाज ऐकू येतो. हा आवाज विजेच्या रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा. आपल्याकडील वीजप्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात रोहित्राचा पोलादी गाभा दोनदा चुंबकित होतो आणि दोन्ही वेळा किंचित ताणला जातो. म्हणून ही घरघर मुख्यतः १०० हर्ट्झची. आता गंमत पाहा. पांढरी पाचमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ९८ हर्ट्झचा असतो. दोघे जवळजवळ एकाच स्वरात बोलतात. मग रोहित्रापाशी कोणी थांबत नाही आणि तंबोऱ्यापाशी माणसे तासन्‌तास बसतात, असे का?

उत्तरासाठी मिरजेला जायला हवे. तंबोऱ्याचा भोपळाही तोच प्रवास करतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेकाठी पिकलेले मोठे भोपळे वाळवून मिरजेला जातात. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाचे कारागीर होऊन गेले. घराणे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्यांचे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि हत्यारांची मागणी ओसरत गेली. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे चाहते. त्यांच्या दरबारी येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब स्वतः वाद्ये घडवू लागले, असे मिरजेत सांगतात. पुढे या कारागिरांचे आडनावच सतारमेकर झाले.

तलवार टाकून तंबोरा हाती घेतला, असे म्हणायला छान वाटते. आम्हाला मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पाते घासणाऱ्याच्या बोटांना पृष्ठभागाचा बारीकसा बाकही कळतो, आणि तंबोऱ्याला नेमके हेच कौशल्य लागते.

तार तबलीवर ज्या तुकड्यावर टेकते ती घोडी. प्रयोगशाळेतील स्वरमापीची घोडी धारदार असते, त्यामुळे तारेची कंप पावणारी लांबी ठरलेली राहते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी अल्प बाक असतो. तार खाली येते तेव्हा या बाकावर टेकत जाते आणि वर जाते तेव्हा सुटत जाते. टेकण्याची जागा सतत सरकल्याने मूळ स्वराची ऊर्जा दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या वारंवारतांकडे वळते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून हा परिणाम नेमका साधतात. हीच जवारी. खर्ज छेडला असता त्यातून गंधार ऐकू येतो, तो पाचव्या पटीतला स्वर होय.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचे निस्पंद बिंदू असतील, ते उपस्वर उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्यात नेमके तेच उपस्वर ठणठणीत वाजतात, हे रामन यांनी दाखवले.

खर्जाचा प्रश्न अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये वेगळ्या रीतीने सोडवला. त्यांच्या विजेवरील बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला बोलते. तिला भोपळा नाही की पोकळ पोट नाही. तारेखालचे चुंबक आणि तारेचे वेटोळे कंपनांचे विजेत रूपांतर करतात आणि आवाज वाढवण्याचे काम यंत्राकडे जाते. मिरजेच्या कारागिरापुढे फक्त लाकूड, भोपळा आणि कानस होती. थोडे घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची.

हे काम एकदा करून संपत नाही. तारेने घोडीवर चरे पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) ती स्वतः काढीत. १९७९ मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्याला जवारी काढावी लागत नाही. प्रवास करणाऱ्या गवयांची त्याने सोय केली, हे मान्यच आहे. परंतु जवारी ओळखणारा कान तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे शिकणाऱ्याचे घर कशावर चालायचे? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते नावाची नक्कल रोखू शकते, नवा शागीर्द मिळवून देऊ शकत नाही.

शाळेतील स्वरमापीवर हे करून पाहता येईल. एक धारदार घोडी काढून तेथे घट्ट लाकडाचा, माथ्याला जेमतेम बाक दिलेला तुकडा ठेवा आणि तारेखाली सुताचा धागा केसाकेसाने सरकवा. पहिल्या दिवशी नुसता फुसका आवाज येईल. तुकडा पुन्हा घासा. धागा कोठून आणावा, हे सोलापूरच्या मुलांना सांगायला नको.