पोकळीत काय धरायचं?

अवकाशातल्या लढाईचा खेळ रचणाऱ्याला पहिली अडचण येते ती जमिनीची. धावण्याच्या, उड्या मारण्याच्या, किल्ले लढवण्याच्या खेळात पायाखाली काहीतरी असतं. भिंत असते, रस्ता असतो, चढ-उतार असतो, आणि आपण कुठे आहोत हे त्यावरून आपोआप कळतं. अवकाशात यातलं काही नाही. काळ्या पडद्यावर यान काढलं तर ते चाललंय की उभं आहे हेसुद्धा सांगता येत नाही. या पोकळीत खेळणाऱ्याच्या हाताला धरायला काय द्यायचं, हा प्रश्न गेली साठ वर्षं वेगवेगळ्या माणसांपुढे आला. ज्यांनी तो नीट सोडवला त्यांचे खेळ आजही वेळ काढून खेळावेत असे आहेत. ते एकमेकांचे नातेवाईकही आहेत, म्हणून ही शिफारस मी त्यांच्या कुळकथेतून करतो.

मूळ पुरुष १९६२चा, 'स्पेसवॉर!'. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात एमआयटी आहे. १९६१मध्ये डेक कंपनीने तिथे पीडीपी-१ नावाचा संगणक देणगी म्हणून दिला. किंमत सुमारे १,२०,००० डॉलर, मेमरी १८ बिटांच्या ४,०९६ शब्दांची. पण त्याला एक गोल पडदा होता, आणि त्या काळी ते फार मोठं आकर्षण होतं. स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन हे तिघं 'डॉक' स्मिथच्या 'लेन्समन' या विज्ञानकादंबऱ्यांनी झपाटलेले. या पडद्यावर काय करून दाखवावं असा विषय निघाला, तेव्हा यानांची लढाई हे उत्तर त्यांना लगेच सुचलं. लिहायचं रसेलने. तो मात्र चालढकल करत राहिला. शेवटी साइन-कोसाइन काढणारा प्रोग्रॅम आपल्याकडे नाही अशी सबब त्याने पुढे केली. त्यांच्याच कंपूतला अ‍ॅलन कोटॉक सरळ डेकच्या कचेरीत गेला, तो प्रोग्रॅम असलेली कागदी फीत घेऊन आला आणि रसेलच्या पुढ्यात ठेवली. रसेलपुढे लिहिण्यावाचून मार्ग उरला नाही.

पहिल्या रूपात दोन यानं होती, एक सुईसारखं आणि एक पाचरीसारखं. मागे रसेलने वाटेल तसे ठिपके टाकून तारे केले होते. पीटर सॅमसनला ते खोटं आकाश बघवेना. त्याने खगोलीय कोष्टकांवरून खरे तारे खऱ्या जागी बसवले, त्यांचा कमी-अधिक तेजस्वीपणाही दाखवला, आणि ते आकाश हळूहळू सरकतं ठेवलं. लढाईत त्या ताऱ्यांचा काही उपयोग नाही. तरीही त्या माणसाने ते केलं, आणि या कुळातल्या चांगल्या खेळांत ही वृत्ती मला पुन्हा पुन्हा दिसत आली आहे.

खरी भर घातली डॅन एडवर्ड्सने. त्याने पडद्याच्या मधोमध एक जड तारा ठेवला आणि यानांना त्याची ओढ लावली. तोवरची लढाई म्हणजे हात जलद चालवण्याची स्पर्धा होती. आता मैदानाला मध्य मिळाला, उतार मिळाला. इंजिन बंद केलं तरी यान ताऱ्याकडे ओढलं जातं, आणि नेमक्या वेळी जोर दिला तर ताऱ्याला वळसा घालून गोफणीतल्या दगडासारखं सुटतं. इंधन मोजकं असल्यामुळे ही गोफण ज्याला साधली तो जिंकतो. टॉर्पेडोंना मात्र ताऱ्याची ओढ लागत नाही, कारण तेवढा हिशेब करायला यंत्रापाशी वेळच उरत नव्हता. ग्रेट्झने 'हायपरस्पेस'ची कळ जोडली. जिवावर आलं की ती दाबून नाहीसं व्हायचं आणि दुसरीकडे कुठेतरी प्रकट व्हायचं, पण प्रकट होताना यान फुटण्याची भीती असते. संगणकाच्या बटणांवर खेळून कोपरं दुखू लागली, म्हणून कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हातात धरायच्या पेट्या तयार केल्या.

हा खेळ आज ब्राउझरमध्ये चालतो. दोघांनी एका कीबोर्डपुढे बसून खेळावा. माझा भाचा पहिल्या तीन डावांत थेट ताऱ्यात जाऊन पडला. चौथ्या डावात त्याने इंजिनावरचा हात काढला, ताऱ्याला आपलं काम करू दिलं आणि वळसा घेऊन मला मागून गाठलं. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं.

या मूळ पुरुषाची एक शाखा नाणं टाकून खेळायच्या यंत्रांकडे गेली. १९७१मध्ये 'गॅलक्सी गेम' आणि 'कम्प्युटर स्पेस' ही यंत्रं आली, १९७९मध्ये 'अ‍ॅस्टरॉइड्स' आला, आणि त्यातही हायपरस्पेसची कळ जशीच्या तशी होती. ही शाखा प्रसिद्ध आहे, तिच्यावर थांबत नाही.

दुसरी शाखा कागदावर वाढली. १९७१मध्ये माइक मेफिल्डने 'स्टार ट्रेक' या मालिकेवरून एक खेळ लिहिला. तेव्हा बहुतेकांपाशी पडदाच नव्हता, टेलिटाइप होता. खेळणाऱ्याने आकडा द्यायचा आणि यंत्राने खडखडत उत्तर छापायचं. मेफिल्डने आकाशगंगेचे ८ गुणिले ८ असे ६४ चौकोन केले, प्रत्येक चौकोनाचे पुन्हा ६४ भाग पाडले. शत्रू कुठल्या चौकोनात, इंधनाचा तळ कुठल्या चौकोनात, तिथे जायला किती ऊर्जा खर्च होईल, हा सगळा खेळ डोक्यात चालतो. इथे हाताला धरायला नकाशा मिळाला. डेव्हिड आलने हा खेळ बेसिक भाषेतल्या खेळांच्या आपल्या पुस्तकात छापला, आणि लोकांनी ओळीन् ओळ स्वतः टंकून तो जगभर नेला. माझ्या मते अवकाशातल्या डावपेचांच्या खेळांचा खरा आजोबा हाच.

तारा आणि नकाशा यांची गाठ पडली १९७९च्या 'स्टार रेडर्स'मध्ये. अटारीच्या संगणकासाठी डग न्यूबाउअरने तो अवघ्या ८ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवला. एक कळ दाबली की नकाशा, दुसरी दाबली की आपण यानाच्या काचेतून पुढे बघतोय आणि तारे अंगावर येतायत. आपण एका ठिकाणी लढत असताना नकाशावर शत्रूच्या तुकड्या सरकत राहतात आणि आपल्या तळांना वेढा घालतात. लढाई रंगात असताना ती सोडून नकाशा उघडावा लागतो. हा जीव खाणारा ताण आजच्या महागड्या खेळांनाही क्वचित साधतो.

मग दुसरं केंब्रिज, इंग्लंडमधलं. तिथे शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर 'एलिट' लिहिला. त्या संगणकाची मेमरी सारी मिळून ३२ किलोबाइट. तेव्हाच्या खेळांत तीन जीव आणि गुणांचा आकडा असायचा. 'एलिट'मध्ये दोन्ही नव्हते, आणि एका प्रकाशकाने तो नाकारला. सप्टेंबर १९८४मध्ये अ‍ॅकॉर्नसॉफ्टने तो काढला.

सुरुवातीला आपल्यापाशी एक यान आणि १०० क्रेडिट असतात. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. शेतीच्या ग्रहावर धान्य घ्यावं, कारखान्यांच्या ग्रहावर विकावं, परतताना यंत्रं भरून आणावीत. वाटेत चाचे भेटतात. पैसे साठले की चांगली लेझर घ्यावी, किंवा स्वतःच चाचा व्हावं. व्यापार ही एलिटने दिलेली जमीन आहे. पोकळीतून कुठेही जाता येतं, पण भाव कुठे चांगला मिळेल यावरून वाट ठरते.

जग केवढं? आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढे २,०४८ ग्रह त्या मेमरीत लिहून ठेवणं अशक्यच होतं, म्हणून त्यांनी ते लिहिलेच नाहीत. काही बीजांक घेतले आणि फिबोनाची मालिकेत आधीच्या संख्यांची बेरीज करत पुढे जातात त्या धाटणीवर पुढचे आकडे काढले. त्या आकड्यांतून ग्रहाचं नाव, राज्यपद्धती आणि संपत्ती उमलते, आणि त्यावरून तिथले बाजारभावही ठरतात. बी तेच असल्यामुळे दर वेळी झाड तेच येतं. या रीतीने सुमारे २८२ लाख कोटी आकाशगंगा निघू शकल्या असत्या. एवढा पसारा बघून त्यातला यांत्रिकपणा उघडा पडेल, म्हणून अ‍ॅकॉर्नसॉफ्टने त्या आठवर आणल्या, आणि ते बरोबर केलं.

पण मला एलिटमधली सर्वांत थोर गोष्ट वाटते ती पडद्याच्या तळाशी असलेली लंबगोल रडार. आपण मधोमध. आसपासचं प्रत्येक यान म्हणजे एक ठिपका, आणि त्या ठिपक्यापासून लंबगोलाच्या पातळीपर्यंत एक छोटी उभी काडी. काडी वर गेली असेल तर यान आपल्या वर, खाली लोंबत असेल तर खाली, आणि काडीच्या लांबीवरून किती ते कळतं. सपाट काचेवर तिन्ही दिशा एका नजरेत दिसतात. ही युक्ती पुढे कितीतरी खेळांनी उचलली, आणि आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की कोणाला तरी ती पहिल्यांदा सुचावी लागली होती हे कोणाच्या मनातही येत नाही. पहिले दोन तास एलिट कठीण जातो. फिरत्या स्थानकाच्या चिंचोळ्या दारातून आपलं यान त्याच गतीने गिरक्या देत आत न्यावं लागतं, आणि नवखा हमखास भिंतीवर आपटतो. तेवढं सोसावं. मूळ खेळ जमलाच नाही तर 'ओलाइट' हा त्याच घडणीचा मोफत खेळ घ्यावा.

नकाशाच्या शाखेला इकडे वेगळं फळ आलं. ऑस्ट्रेलियातल्या 'रीच फॉर द स्टार्स'ने १९८३मध्ये पायवाट पाडली होती. १९९३मध्ये स्टीव्ह बार्शिया आणि सिमटेक्स यांचा 'मास्टर ऑफ ओरायन' आला. त्याची ओळख करून देताना अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने इंग्रजीत एक्स अक्षराभोवती चार क्रियापदं बांधली. मराठीत ती शोधा, पसरा, उपसा, संपवा अशी होतील. तिथून या प्रकाराला 'फोर-एक्स' हे नाव पडलं. दर ग्रहाला पाच सरकपट्ट्या आहेत: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. एक वाढवली की बाकीच्या घटतात. साम्राज्य चालवायला एवढं पुरतं. शिवाय दर डावात काही शोध यादीतून गायब असतात, त्यामुळे एकच घोकलेली वाट चालत नाही. १९९६चा दुसरा भाग जास्त लोकांचा लाडका आहे. माझी पसंती पहिल्याला, कारण दुसऱ्यात प्रत्येक इमारत आपण बांधत बसतो आणि डोळा ताऱ्यांवरून विटांवर येतो.

काचेतून बघायच्या शाखेत मध्येच एक दत्तक वारस आला, आणि तो दुसऱ्या महायुद्धातून. १९७७च्या 'स्टार वॉर्स'चं काम चालू असताना जॉर्ज लुकासने अवकाशातल्या लढायांच्या जागी महायुद्धातल्या विमानांची दृश्यं तात्पुरती जोडली होती, आणि यानांच्या हालचाली त्यांवरून बेतल्या गेल्या. दहा-पंधरा वर्षांनी लॉरेन्स हॉलंड त्याच लुकासच्या कंपनीसाठी महायुद्धातल्या विमानांचे खेळ करत होता. ते हात १९९३मध्ये 'एक्स-विंग'कडे आणि १९९४मध्ये 'टाय फायटर'कडे वळले. चित्रपटाने विमानांकडून घेतलेलं खेळाने पुन्हा विमानांच्या जाणकारीने भरून काढलं.

'टाय फायटर'मध्ये आपण साम्राज्याच्या बाजूने लढतो. साध्या टाय यानाला ढालच नाही, दोन-चार फटक्यांत खेळ संपतो. नंतर ढालीची यानं मिळतात, आणि मग खरा धडा सुरू होतो. इंजिन, लेझर आणि ढाल यांना एकाच साठ्यातून ऊर्जा जाते. पळायचं असेल तर लेझर उपाशी ठेवा, भिडायचं असेल तर वेग सोडा. डोळे शत्रूवर आणि बोटं एफ-९, एफ-१० या कळांवर. इथे हाताला धरायला मिळतं ते आपलंच यान. पाच-सहा मोहिमांनंतर हा हिशेब बोटं आपणहून करू लागतात. जॉयस्टिक मात्र हवीच, उसनी आणा पण आणा. हे आवडलं तर १९९९चा 'फ्रीस्पेस २' खेळायलाच हवा. तो फार खपला नाही, पण २००२मध्ये त्याचा मूळ कोड खुला झाला आणि चाहत्यांनी तो आजवर सांभाळून, नव्या यंत्रांवर चालता ठेवला आहे.

त्याच १९९९मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या रेलिकने 'होमवर्ल्ड' काढला. या कुळातला हा माझा सर्वांत आवडता. यात डावपेच आहेत आणि पूर्ण त्रिमितीतली लढाईही. माउस सरकवला की सपाट चकती पसरते, शिफ्ट दाबली की तिच्यावरून उभी रेघ निघते, आणि आपला तांडा त्या रेघेच्या टोकाला जातो. एलिटच्या रडारवरची काडीच ती. तिथे ती बघायची होती, इथे ती हुकूम द्यायला वापरतात. मोहीम संपली की उरलेली जहाजं तशीच पुढच्या मोहिमेत येतात, त्यामुळे एकेक जहाज जपलं जातं. सगळ्यांच्या मध्ये उभी, लांबट मदरशिप. खाराक या वाळवंटी ग्रहावरच्या लोकांना पुरलेल्या जहाजात आपल्या मूळ घराचा पत्ता सापडतो, आणि ते ही मदरशिप बांधून निघतात.

तिसऱ्या मोहिमेत आपण चाचणी आटोपून खाराकला परततो, आणि ग्रह पेटलेला असतो. लढाईच्या गाण्याऐवजी सॅम्युअल बार्बरच्या 'अ‍ॅडाजिओ'चं समूहस्वरांतलं रूप वाजू लागतं. कक्षेत गोठवून ठेवलेल्या माणसांचे कप्पे तरंगतायत, शत्रू त्यांच्यावर गोळ्या झाडतोय, आणि जगात आपली म्हणावी अशी माणसं तेवढीच उरली आहेत. पहिल्या खेपेला मी शत्रूच्या जहाजांमागे धावलो आणि एक कप्पा गेला. साठवून ठेवलेला मागचा खेळ उघडला, सगळी लढाऊ यानं कप्प्यांभोवती उभी केली आणि पुन्हा गेलो.