लोडिंग कॉइलची कुळकथा

अंगणात दहा मीटर उंच तार उभी करायची आणि तिच्यातून 137 किलोहर्ट्झवर संदेश पाठवायचा, हा ध्यास जगभरातल्या हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, 1990 च्या दशकापासून घेतला आहे. या वारंवारितेची तरंगलांबी जवळपास 2200 मीटर. पाव तरंगलांबीचा खांब उभारायचा म्हटलं तर साडेपाचशे मीटर उंची लागेल. त्यापुढे दहा मीटरची तार म्हणजे काहीच नाही. वरून आडव्या तारांचं छत्र दिलं तरी तिचा किरणरोध, म्हणजे लहरी बनून आकाशात जाणाऱ्या शक्तीचा हिशेब देणारा रोध, एका ओहमच्या तिसाव्या भागाएवढाच भरतो.

नियमाने परवानगी आहे ती समदिश हिशेबाने, म्हणजे शक्ती सगळ्या दिशांना सारखी पसरते असं धरून, एक वॅटची. आखूड खांबाला दिशेचा थोडा फायदा मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात एक तृतीयांश वॅट आकाशात गेला की पुरे. पण तेवढ्यासाठी तारेतून तीन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह खेळवावा लागतो. शिवाय अशी आखूड तार विजेच्या दृष्टीने निव्वळ कपॅसिटर असते. ती 300 पिकोफॅरडची धरली, तर तिचा अडथळा 3900 ओहमच्या आसपास येतो आणि तो मोडून काढायला तेवढ्याच ताकदीची कॉइल लागते, साडेचार मिलिहेन्रीची. हीच लोडिंग कॉइल. तीन अँपिअर गुणिले 3900 ओहम. कॉइलच्या वरच्या टोकाला बारा हजार व्होल्ट उभे राहतात. लहान अँटेना म्हणजे लहान प्रवाह, असं वाटणाऱ्या माणसाची समजूत इथे मुळापासून बदलते.

या कॉइलचा मूळपुरुष ऑलिव्हर लॉज. 1897 साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला, त्यात अँटेनाच्या वाटेत तारेचं वेटोळं घालून तो ठरावीक सुरावर आणण्याची कल्पना होती. तोवरचे ठिणगीचे प्रेषक सगळ्या वारंवारितांवर एकदमच ओरडत. लॉजच्या वेटोळ्याने दोन स्टेशनं एकमेकांपासून वेगळी ऐकण्याची वाट दाखवली. मार्कोनी कंपनीला अखेर 1911 साली ते पेटंट विकत घ्यावं लागलं.

पुढच्या पिढीत कॉइल प्रचंड झाली. स्वीडनमधल्या ग्रिमेटनला आजही 1920 च्या दशकातलं स्टेशन उभं आहे: 17.2 किलोहर्ट्झ, 200 किलोवॅटचा फिरता अल्टरनेटर, 127 मीटर उंचीचे सहा मनोरे. ते रचणारा अर्न्स्ट अलेक्झांडरसन. प्रवाहाचा प्रश्न त्याने ज्या रीतीने सोडवला, ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. सगळा प्रवाह एकाच ठिकाणी जमिनीत उतरवला तर माती तो खाऊन टाकते. म्हणून त्याने मनोऱ्या-मनोऱ्याशी वरून तार खाली आणली, प्रत्येकीच्या पायथ्याशी वेगळी कॉइल दिली आणि प्रवाह सहा वाटांनी वाटून टाकला. सहा अर्थिंग समांतर जोडली गेली आणि मातीतला नाश एकदम खाली आला. ग्रिमेटन 2004 साली जागतिक वारसा यादीत गेलं. तो यंत्रसंच अजूनही खास दिवशी सुरू करतात.

इंग्लंडमधलं रग्बी स्टेशन 1 जानेवारी 1926 ला 16 किलोहर्ट्झवर सुरू झालं. तिथली माणसापेक्षा कितीतरी उंच कॉइल आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. शेकडो अँपिअर वाहणारी तिची तार एकसंध तांब्याची मात्र नाही, आणि तेच समजून घेण्यासारखं आहे.

वारंवारिता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो. 50 हर्ट्झला तो तांब्यात नऊ मिलिमीटरपर्यंत शिरतो, 137 किलोहर्ट्झला जेमतेम 0.18 मिलिमीटर. जाड सळई घेतली तरी आतलं तांबं रिकामं बसतं. वेटोळ्यात तर शेजारच्या फेऱ्यांचं चुंबकीय क्षेत्र प्रवाहाला आणखी एका कडेला लोटतं. यावर उपाय म्हणजे लिट्झ तार. केसासारख्या बारीक तारा, प्रत्येकीवर इनॅमल आणि सगळ्यांना असा पीळ की प्रत्येक तार आळीपाळीने गाभ्यात आणि काठावर यावी. मग कोणतीच रिकामी राहत नाही. जुना ट्रान्झिस्टर उघडून पाहिलेल्यांना ही तार ठाऊक असेल: काळ्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली, रेशमी धाग्यात लपेटलेली. तिच्या दोन-चार तारा टोकाला तुटल्या की सेटचा आवाज बसतो.

टोकं जोडणं हे वेगळंच कसब. जुने कारागीर तारेचं टोक स्पिरिटच्या ज्योतीत लाल करत आणि तसंच चटकन मेथिलेटेड स्पिरिटमध्ये बुडवत. इनॅमल आणि रेशीम सुटून यायचं, तांबं गुलाबी स्वच्छ निघायचं आणि मग एकूण एक तार डाकाखाली येईल असा डाग द्यायचा. सुटलेली प्रत्येक तार म्हणजे वाया गेलेली वाट.

हौशी लोक या घराण्यापासून फार लवकर तुटले. अमेरिकेच्या 1912 च्या कायद्याने त्यांना 200 मीटरच्या खाली हाकललं, कारण तो भाग निरुपयोगी मानला जाई. तिथेच त्यांनी नोव्हेंबर 1923 मध्ये 110 मीटरच्या आसपास अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केलं. मग कंपन्यांनाही लघुलहरींचं मोल कळलं. 1927 साली भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली, तिचं प्रेषण खडकीहून आणि ग्रहण दौंडला. अवाढव्य कॉइलची गरज उरली ती मुख्यतः पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलण्यापुरती. तिरुनेलवेलीजवळचं नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन त्याच घराण्यातलं. लघुलहरींवर लिट्झ उपयोगी पडत नाही, बारीक तारांमधली धारिताच आड येते. त्यामुळे हॅम मंडळींच्या हातातून ती विद्याही गेली.

ती परत आली 1996 मध्ये, ब्रिटनने 73 किलोहर्ट्झचा पट्टा प्रयोगासाठी खुला केला तेव्हा. 2007 च्या जागतिक रेडिओ परिषदेने 136 किलोहर्ट्झचा पट्टा सगळीकडच्या हौशींना दिला. आता कॉइल प्लास्टिकच्या बादलीवर किंवा सांडपाण्याच्या पाइपवर गुंडाळली जाते. मोठ्या कॉइलच्या आत एक छोटी फिरती कॉइल बसवतात, ती व्हेरिओमीटर. पावसाने तार भिजली, झाडाला पालवी आली की सूर हलतो आणि ती थोडी फिरवावी लागते. वरच्या टोकाला तारेची अणकुची उरली तर अंधारात जांभळी ठिणगी फुलते. ओल्या धुळीचा थर बसला तर प्रवाह त्यावरून सरपटतो आणि बादली करपते. म्हणून तिथे गोल वळवलेली जाड नळी लावतात आणि फेऱ्यांमध्ये अंतर ठेवतात.

साध्या तारेच्या बऱ्या कॉइलचा नाशरोध तेरा ओहम धरला, तर तीन अँपिअरला तिच्यात सव्वाशे वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. उत्तम लिट्झने ती निम्मी होते. उरलेलं मातीवर. अंगणातलं अर्थिंग चाळीस-पन्नास ओहम खातं, म्हणून पाचशे वॅट ओतून एक तृतीयांश वॅट हाती येतो. तोही सेकंद-सेकंद लांबवलेल्या मोर्सच्या टिंबांनी अटलांटिक ओलांडून गेलेला आहे. काही जण आता अलेक्झांडरसनच्या रीतीने अंगणातच दोन-तीन तारा खाली आणून प्रत्येकीला वेगळी कॉइल आणि वेगळं अर्थिंग देऊन पाहत आहेत.