बादशहाच्या ताटातली बाजरी

खिचडी म्हणजे आजारी माणसाचं जेवण, अशी आपली समजूत. जुन्या प्रवाशांना मात्र ती धडधाकट माणसांच्या ताटात दिसली. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलंय, की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, वर तूप घालतात आणि न्याहारीला खातात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. इकडे घोड्यांनाही तेल-साखर घालून शिजवलेली खिचडी चारतात, अशी त्याची नोंद आहे. जुन्नरकरांनी मनावर घेऊ नये!

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त शाही मुदपाकखान्यातलं खिचडीचं प्रमाणच दिलंय. तांदूळ 5 शेर, डाळ 5 शेर आणि तूपही 5 शेर! आजच्या हृदयरोगतज्ज्ञानं वाचलं तर तो पुस्तक मिटून ठेवील.

याच अकबराचा मुलगा जहांगीर 1618 साली गुजरातेत होता. तिथं त्यानं बाजरीची खिचडी पहिल्यांदाच खाल्ली. ‘तुझुक-इ-जहांगिरी’ या आत्मकथनात तो म्हणतो, की ती आपल्याला आवडली. मांस वर्ज्य असेल त्या दिवशी ही खिचडी वरचेवर आणावी, असा हुकूमही त्यानं सोडला. त्या खिचडीला ‘लज़ीज़ा’, म्हणजे चविष्ट, असं नावही होतं.

आता प्रश्न असा, की बादशहाला रुचलेलं हे धान्य आपल्याकडे पाहुण्यांपासून लपवायची वेळ का आली? माझ्या लहानपणी आमच्या दुष्काळी गावात रोज बाजरी असे. पाहुणा आला की अम्मी तांदळाचा डबा काढायची. पाहुण्याला बाजरी वाढणं म्हणजे घरची गरिबी वाढणं. भाषेनंही तिला ‘भरड’ ठरवलं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ किलोला 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया, अशी उतरंडच लागली. पुढे 2018 साली केंद्र सरकारनं तिला पोषक धान्य म्हणायचं ठरवलं आणि 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांच्या नावे साजरं केलं. धान्य तेच, बिरुद नवं. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला याची गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

पण सगळा दोष प्रतिष्ठेचा नाही. खिचडीसाठी बाजरीवर पाणी शिंपडून ती उखळात कांडायची, सुपात पाखडून कोंडा काढायचा. ही मेहनत बायकांच्या वाट्याची. दुकानातून सडलेला तांदूळ यायला लागल्यावर त्यांनी मुसळ खाली ठेवलं, यात त्यांचं काय चुकलं? शिवाय बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे तिचं पीठ लवकर कडू होतं. दुकानदाराला ते परवडत नाही.

आता उखळाची गरज उरलेली नाही. बाजरी रात्रभर भिजवावी, निथळून मिक्सरमध्ये एक-दोनदाच फिरवावी. पीठ होता कामा नये. तिच्या निम्मी मूगडाळ घ्यावी. भाज्यांसाठी फार शोधाशोध नको, भोगीची भाजी आठवा : गाजर, वांगं, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे आणि थोडे तीळ. संक्रांतीच्या आदल्या दिवशी या भाजीशेजारी आपल्याकडे बाजरीची भाकरी असतेच, इथं दोन्ही एका पातेल्यात आणायची. फोडणीला चमचाभर तेल, जिरं, हिंग, लसूण. पाणी चौपट. कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. अकबरी तूप नको, वरून अर्धा चमचा पुरे.

बाजरीत पॉलिशच्या तांदळापेक्षा कितीतरी पट लोह असतं, पण ते सगळं अंगी लागत नाही. धान्यातलं फायटिक आम्ल ते धरून ठेवतं. भिजवल्यानं हे आम्ल थोडं कमी होतं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळेही लोह शोषायला मदत होते, म्हणून ताटात लिंबाची फोड हवीच. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो उलटं काम करतो. आणि खिचडी गरम असतानाच वाढा. गार झाली की ती घट्ट बसते, मग उकळतं पाणी घालून सैल करावी लागते.