कावळे हाकलायला चला, मालाडला

मालाड पश्चिमेला स्वामी विवेकानंद रोडवरून आत वळलं की बॉम्बे टॉकीज कंपाउंड लागतं. गाळ्यांना लागून गाळे, ग्राइंडरची किरकिर, ऑइलचा वास. एका दारात उकिडवं बसून एक पोरगा वेल्डिंग करतोय. ‘तिकडं बघू नका,’ कोणीतरी बजावतं. तुम्ही बघताच. डोळ्यांपुढं सगळं पांढरंफटक होतं. डोळे चोळून उघडता तर झोत तसाच पांढरा, पण तो आता आर्कलाइटचा आहे. साल १९३६.

आधी अंगावर येतो तो उकाडा. स्टुडिओच्या बंद दाराआड एवढे दिवे पेटलेत की सदरा पाठीला चिकटलाय. जळक्या कार्बनचा वास, ओल्या रंगाचा वास, रंधा मारलेल्या लाकडाचा वास आणि चाळीसएक माणसांच्या घामाचा. पंखे आहेत, पण बंद. मायक्रोफोनला त्यांची घरघर ऐकू येते. कोणी खोकत नाही. मानेवर डास बसलाय, तो मारायचीही सोय नाही. आणि नेमका त्याच वेळी छपरावर कावळा ओरडतो.

शॉट गेला.

“अरे ए, उभा काय ऱ्हायलास? घे ही काठी!” रत्नागिरीकडचा एक लाइटवाला तुमच्या हातात बांबू कोंबतो. “छपरावर एक कावळा दिसता कामा नये.”

तुम्हाला काम मिळालं. आता पळा.

बाहेर येताच वारा लागतो. ताडामाडांची झाडं, पलीकडं भातखाचरं, मार्व्याच्या बाजूनं येणारा सुक्या मासळीचा वास. घोडबंदर रोडवर धूळ उडवत बैलगाडी चाललीय. विजेची लोकल बोरिवलीकडं जाताना शिट्टी देते, आणि आत साउंड रेकॉर्डिंगवाले पुन्हा कपाळाला हात लावतात. आत उभं केलेलं गाव रेल्वे फाटकाजवळचंच आहे. गोष्ट फाटकवाल्याच्या मुलीची, कस्तुरीची. चित्रपट ‘अछूत कन्या’. म्हणजे कथेत आगगाडी हवीच, पण सांगितलेल्या वेळी!

काठी आपटत एक फेरी मारा, कावळे उडवा आणि दार बंद व्हायच्या आत त्या लाइटवाल्याच्या शेजारी येऊन उभे राहा. इथून सगळं दिसतं.

झाडाच्या फांदीवर कस्तुरी झालेल्या देविकाराणी आणि शेजारी अशोककुमार बसलेत. गाणं आहे, आणि ते त्यांनाच गायचंय. अशोककुमार परवापर्यंत इथल्याच लॅबोरेटरीत साहाय्यक होते. हातांचं काय करायचं हे त्यांना अजून नीट उमगलेलं नाही. वाजवणारी मंडळी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर दाटीवाटीनं बसलीत. त्यांना सांभाळताहेत सरस्वतीदेवी. मूळ नाव खुर्शीद मिनोचर-होमजी. त्या पारशी, आणि गाणं शिकल्या आपल्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्याकडं. गळा तयार नसलेल्या नटांना झेपेल अशी सोपी चाल बांधणं किती कठीण असेल, हे त्यांच्या चेहऱ्याकडं बघून कळतं.

कॅमेऱ्याशेजारी दिग्दर्शक, म्युनिकचे फ्रान्झ ऑस्टेन. त्यांना हिंदी येत नाही. संवाद संपेपर्यंत ते नटांच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाहीत. हिमांशु रायांशी त्यांची जोडी जुनी; १९२५ साली दोघांनी मिळून ‘प्रेम संन्यास’ केला, त्यानंतर ‘शिराझ’. रायांनी मालाडला बॉम्बे टॉकीज ही कंपनी काढली तेव्हा ऑस्टेन आले, कॅमेऱ्यासाठी जोसेफ विर्शिंग आले, सेटसाठी कार्ल फॉन श्प्रेटी आले, लॅबोरेटरीसाठी विल्हेल्म त्सोले आले. आणि रायांनी त्यांच्या हाताखाली इथली शिकलीसवरली पोरं दिली. दोन बाजूंनी आलेली ही माणसं रोज सकाळी स्टुडिओच्या एकाच फाटकातून आत शिरतात, एकाच उकाड्यात भाजून निघतात.

विर्शिंग कॅमेऱ्यातून बघतात, थांबतात, आणि थेट तुमच्या लाइटवाल्याकडं येतात. ना जर्मन, ना इंग्रजी, ना मराठी. ते त्याचं मनगट धरतात आणि दिव्यासकट दोन बोटं खाली फिरवतात. तिकडं देविकाराणींच्या डोळ्याखाली सावलीची एक बारीक कड उमटते. हसरा चेहरा एकदम काळजीचा दिसायला लागतो. विर्शिंग मनगट सोडतात, दिवा पुन्हा वर नेतात, आणि आता तू कर अशी मान हलवतात. लाइटवाला करतो. चुकतो. परत करतो. चाळीस माणसं घाम पुसत थांबलीत, पण कोणीही घाई करत नाही.

मला विचाराल तर परदेशी कलावंतांना बोलावून काय मिळतं, ते या दोन मिनिटांत आहे. हारतुरे आणि भाषणं करून आठ दिवसांत परत जाणारा पाहुणा हे देऊ शकत नाही. त्याला इथं घर करून राहावं लागतं, इथले डास सोसावे लागतात. आणि शिकणाऱ्याला उद्याच्या पोटाची चिंता नसावी लागते. म्हणून इथला महिन्याचा पगार मला कॅमेऱ्याइतकाच मोलाचा वाटतो.

जेवणाची सुट्टी. घामेजलेले हात धुऊन कँटीनमध्ये चला. भाताची वाफ, आमटीचा वास, ताटांचा खणखणाट, बंगाली, गुजराती, मराठी, जर्मन वळणाचं इंग्रजी. तुमच्या डाव्या हाताला सुतार, उजव्या हाताला पदवीधर साहाय्यक. कोणाची जात कोणती, हे इथं विचारत नाहीत, पंगत एकच. गावाकडं विहिरीवरून हाकलली जाणारी माणसं आहेत असा हा काळ, आणि सकाळभर हेच लोक त्याच दुःखाचा चित्रपट घेत होते. घास जरा सावकाश खा.

समोरच्या चेहऱ्यांकडं बघताना तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. तीन वर्षांनी, लीला चिटणीसांच्या ‘कंगन’चं काम चालू असताना, महायुद्धापायी या जर्मनांना नजरकैदेत नेतील. बोलू नका. हेही सांगू नका की तरी इथले दिवे विझणार नाहीत. विर्शिंगच्या हाताखाली शिकलेले आर. डी. परीन्जा १९४३ साली ‘किस्मत’चा कॅमेरा सांभाळतील आणि तो चित्रपट कलकत्त्याच्या रॉक्सीत तीन वर्षांहून अधिक चालेल. विर्शिंग परत येतील, बॉम्बे टॉकीजसाठी ‘महल’ टिपतील, ‘पाकीझा’ हातात असताना १९६७ साली मुंबईतच देह ठेवतील. तुम्ही फक्त आमटी वाढून घ्या.

दुपारी लॅबोरेटरीत डोकावा. बाहेरच्या उन्हातून आत गेलात की आंधळ्यासारखं होतं. मग तांबडा दिवा दिसतो, गार पाण्याची धार ऐकू येते, हायपोचा आंबट वास नाकात जातो. इथं बोलणं हळू आवाजातच. बोटांची कातडी औषधांनी पिवळी पडलेली पोरं ओली फिल्म दिव्यासमोर धरून बघताहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबाच. काठी कोपऱ्यात ठेवा. छोट्या थिएटरात कालचं काम बघायला सगळे जमलेत. जागा नाही म्हणून तुम्ही आणि तो लाइटवाला भिंतीला टेकून उभे. प्रोजेक्टर खडखडतो. बिडीचा धूर झोतातून वर चढतो. पडद्यावर फांदी, पानं, आणि मग कस्तुरीचा चेहरा. डोळ्याखाली ती बारीक कड.

कोणी काही बोलत नाही. शेजारी अंधारात लाइटवाला आपलं मनगट दोन बोटं खाली फिरवून बघतो. परत वर नेतो. पुन्हा फिरवतो. बाहेर कावळे केव्हाच ताडांवर जाऊन निजलेत.