गवतातून आलेल्या माश्या

सप्टेंबर सरत आला आणि दुपारचे ऊन तिरपे झाले, की इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या जुन्या, ऐसपैस घरांच्या दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंतींवर माश्या जमू लागतात. घरमाशीपेक्षा थोड्या मोठ्या, काळसर करड्या, छातीवर सोनेरी लव असलेल्या आणि उडायला आळशी. ऊन कलले की त्या पन्हळीखालच्या फटींतून, कौलांच्या सांध्यांतून, खिडक्यांच्या चौकटींतून आत शिरतात आणि माळ्यावर शेकडोंनी, कधी हजारोंनी, एकमेकींना चिकटून थंडी काढतात. जानेवारीत एखाद्या दिवशी चांगले ऊन पडले किंवा दिवाणखान्यातली शेगडी पेटली, की त्यातल्या काही जाग्या होऊन खिडकीच्या काचेवर धडपडू लागतात. आपल्याकडे माश्या म्हणजे आषाढ-श्रावण, आंब्याच्या साली आणि दाराशेजारचा उकिरडा. तिथली ही माशी नेमकी उलट्या ऋतूत येते, अन्नाकडे ढुंकून पाहत नाही आणि घरात अंडीही घालत नाही. तरीही दीड-दोन शतके तिचा बंदोबस्त घरमाशीचा करावा तसाच होत राहिला. स्वयंपाकघर झाका, गोड विष ठेवा, मोलकरणीला बोल लावा. ही माशी मुळात घराची नव्हेच, ती घराभोवतीच्या गवताची आहे, आणि हे न कळल्यामुळेच तिच्यावरचे बहुतेक उपाय वाया गेले, असे माझे म्हणणे आहे.

या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच माणसाच्या हाती होती. हॅम्पशरमधल्या सेल्बोर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट (1720–1793) हा घराभोवतालच्या सृष्टीची बारीक टिपणे ठेवणारा. त्याच्या मृत्यूनंतर, 1795 मध्ये, जी टिपणे छापली गेली त्यांत शरदातल्या माश्यांवर एक छोटा मजकूर आहे. सकाळ-संध्याकाळ गारठा पडू लागला की अनेक जातींच्या माश्या घरात येऊन खिडक्यांवर गर्दी करतात, आधी चपळ असतात, मग त्यांना पाय उचलणेही जड जाते आणि काही तर काचेला चिकटूनच मरतात, असे तो नोंदवतो आणि लगेच माशीच्या पायांच्या रचनेकडे वळतो. त्या येतात कुठून, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. याच व्हाइटने 1777 मधल्या एका पत्रात गांडुळांची बाजू हिरिरीने मांडली आहे. ती जमीन पोखरून भुसभुशीत करतात, पाणी मुरायला वाट देतात, त्यांच्या विष्ठेचे खत होते, आणि माळी व शेतकरी मात्र त्यांचा तिरस्कार करतात, अशी त्याची तक्रार. डार्विनचे गांडुळांवरचे पुस्तक 1881 मध्ये आले, म्हणजे व्हाइट शंभर वर्षे पुढे होता. पण खिडकीतल्या माश्या आणि कुरणातली गांडुळे यांच्यात काही नाते असेल हे त्याच्या ध्यानात आले नाही. यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. ते नाते मातीखालचे होते आणि दिवाणखान्यात बसून दिसणारे नव्हते.

मूळ ठाऊक नसले की माणूस हाताशी असेल ते वापरतो. एकोणिसाव्या शतकातल्या घरांत हाताशी होते ते बहुतेक सगळे माशीच्या भुकेवर बेतलेले होते. काचेच्या घंटेसारख्या सापळ्यात गोड केलेली बिअर ओतून ठेवत. माशी खालून शिरे आणि बाहेर पडण्याची वाट न सापडून बुडे. औषधांच्या दुकानात सोमल लावलेले कागद मिळत. बशीत पाणी घालून त्यात तो कागद भिजवायचा आणि साखर टाकायची. हे कागद इतके सहज मिळत, की 1880 च्या दशकात लिव्हरपूलमधल्या दोन गाजलेल्या विषप्रयोगांच्या खटल्यांत त्यांचे नाव आले. त्यांतला 1889 मधला फ्लॉरेन्स मेब्रिकचा खटला आजही वादाचा विषय आहे. माणसाला पुरून उरणारे हे विष शरदातल्या माशीपुढे मात्र निष्प्रभ ठरे, कारण ती खायला आलेलीच नसते. उन्हाळ्यात फुलांवरच्या मधावर पोसून तिने अंगात चरबी साठवलेली असते आणि हिवाळा ती त्या साठ्यावर काढते. याचा पुरावा घरातल्या बायकांनी फार आधी दिला होता, फक्त कुणी तो पुरावा म्हणून वाचला नाही. अमेरिकेत शंखशिंपल्यांचे अभ्यासक विल्यम डॉल यांनी 1882 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या कार्यवृत्तात एक टिपण दिले. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावातल्या घरांत या माश्या कपड्यांत, पडद्यांमागे, अंथरुणात गोळ्यागोळ्यांनी सापडतात आणि चिरडल्या तर तेलकट डाग पडतो, अशी तक्रार त्यात आहे. तो डाग म्हणजेच हिवाळ्याची शिदोरी. जिच्या पोटात आधीच शिदोरी आहे तिला साखरेचे पाणी दाखवून काय उपयोग? पायरेथ्रमची भुकटी त्या मानाने बरी, कारण ती खावी लागत नाही, अंगाला लागली तरी पुरते. पण ती पसरायची कुठे? माश्या भिंतीच्या पोकळीत आणि भुकटी भिंतीच्या अलीकडे.

कोडे सुटले ते पॅरिसमध्ये, 1909 साली. डेव्हिड कायलिन हा मॉस्कोत जन्मलेला, पोलिश ज्यू घराण्यातला बावीस वर्षांचा विद्यार्थी. पाऊस आला म्हणून आडोशाला एका व्याख्यानाच्या दालनात शिरला आणि तिथल्या मॉरिस कोलरी यांच्या जीवशास्त्रात रमला, असे त्याच्याबद्दल सांगतात. त्याने दाखवून दिले की या माशीची, पोलेनिया रुडिसची, अळी गांडुळाच्या शरीरात वाढते. माशी वसंतात घराबाहेर पडते, ओलसर जमिनीच्या भेगांत अंडी घालते, अंड्यातून निघालेली अळी गांडूळ शोधून त्याच्या आत शिरते, त्याला आतून खाते आणि मग मातीत कोष करते. उबदार दिवसांत हे सगळे चक्र पाच-सहा आठवड्यांत पुरे होते आणि एका उन्हाळ्यात अशा एकाहून अधिक पिढ्या निघतात. ऑक्टोबरात भिंतीवर बसलेली माशी ही यांतली शेवटची पिढी. गेल्या वर्षी त्याच भिंतीवर बसलेली एकही माशी यंदा जिवंत नसते. कायलिन पुढे केंब्रिजला गेला आणि पेशींच्या श्वसनातले सायटोक्रोम शोधून (1925) मोठा जीवरसायनशास्त्रज्ञ ठरला. त्यामुळे त्याचे हे पहिले काम मागे पडले. घराच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र मला तेच मोठे वाटते, कारण त्याने माशीचा पत्ता बदलला.

पत्ता बदलला की अमेरिकेतली गोष्टही वेगळी दिसू लागते. उत्तर अमेरिकेचा जो भाग हिमयुगात बर्फाखाली होता तिथे स्थानिक गांडुळे जवळजवळ उरलीच नव्हती. युरोपातली गांडुळे तिथे पोचली ती वसाहतींबरोबर, जहाजात तोल राखण्यासाठी भरलेल्या मातीतून आणि रोपांच्या मुळांना लागलेल्या मातीतून. पोलेनियाही मूळची युरोपातलीच. न्यूयॉर्क राज्य तर जवळजवळ सगळेच त्या बर्फाच्या पट्ट्यात येते. म्हणजे जिनीव्हातल्या गृहिणी ज्या माशीला वैतागल्या होत्या ती त्यांच्याच पूर्वजांनी, नकळत, शेतीबरोबर आणली असणार. आधी जंगल तोडून कुरण केले, कुरणात गांडूळ आले, गांडुळामागून माशी आणि माशीमागून माळ्यावरचा पुंजका. नेमकी कोणत्या बंदरातून आणि कोणत्या वर्षी हे सांगता येणार नाही. पण क्रम याहून वेगळा असणे शक्य नाही, कारण गांडुळावाचून ही अळी जगत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. माशी म्हणजे घाण, हे समीकरण काही अडाणीपणातून आलेले नव्हते. 1898 च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धात छावण्यांमध्ये विषमज्वराने माणसे मेली, तेव्हा वॉल्टर रीड यांच्या मंडळाने शौचखड्ड्यांवरून स्वयंपाकाकडे जाणाऱ्या माश्यांकडे बोट दाखवले. कॅन्सस राज्यात सॅम्युअल क्रंबाइन यांनी 1905 मध्ये माशी मारा अशी मोहीमच काढली आणि कीटकशास्त्रज्ञ लेलंड हॉवर्ड यांनी 1911 मध्ये घरमाशीला रोगवाहक ठरवणारे पुस्तक लिहिले. हे सगळे घरमाशीबद्दल खरेच होते. घोड्यांच्या तबेल्यातल्या लिदीवर ती वाढे आणि तिथून थेट दुधाच्या भांड्यावर येई. चूक झाली ती एका माशीचा आरोप दुसरीवर जसाच्या तसा लादण्यात. काळाने त्याची परीक्षाही घेतली. मोटारी आल्या, तबेले ओस पडले, लीद गेली आणि त्याबरोबर घरमाश्याही कमी झाल्या. स्वच्छतेचा प्रश्न असता तर शरदातले थवेही त्याच प्रमाणात ओसरायला हवे होते. ते ओसरले नाहीत. धुतलेल्या, पुसलेल्या, जाळ्या लावलेल्या घरांच्या माळ्यांवरही माश्या येतच राहिल्या. स्वच्छतेचा वसा घेतलेल्या गृहिणीला मात्र या काळात दर हिवाळ्यात आपल्याच घराची लाज वाटत राहिली असेल, आणि तिला ती वाटावी असे काही घडलेले नव्हते.

दुसरा आक्षेप कीटकशास्त्राच्या बाजूने येईल. व्हाइटच्या खिडकीवरच्या माश्या पोलेनियाच होत्या कशावरून? त्याने स्वतःच अनेक जाती म्हटले आहे. शिवाय नॉर्वेच्या क्नुट रॉग्नेस यांनी 1987 मध्ये दाखवले, की ज्याला सगळे एकच पोलेनिया रुडिस म्हणत होते तो अनेक जवळच्या जातींचा गोतावळा आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्याने माझे म्हणणे पक्केच होते. शरदात इंग्लंडातल्या घरांत थव्याने शिरणाऱ्या आणखी दोन माश्या पाहा. शरदमाशी, म्हणजे मस्का ऑटम्नालिस, कुरणात पडलेल्या ताज्या शेणात वाढते. थॉमाटोमिया नोटाटा ही इवलीशी पिवळी माशी कधी कधी एका खोलीचे छत काळे करून टाकते. तिच्या अळ्या गवताच्या मुळांवरच्या माव्यावर जगतात. एक गांडुळावर, दुसरी शेणावर, तिसरी मुळांवरच्या कीटकांवर. तिघींचे घराणे वेगळे, भूक वेगळी, पण गाव एकच, आणि ते गवत आहे. खरकट्यावर यांतली एकही वाढत नाही.

मग घरांची गोष्ट सांगावी लागते. अठराव्या शतकात उद्यानरचनाकार लान्सलॉट ब्राउन आणि त्याच्या अनुयायांनी जमीनदारांच्या घरांभोवतीच्या आखीव वाफ्यांच्या बागा काढून कुरणच भिंतीपर्यंत आणले. गुरे दारात येऊ नयेत म्हणून लांबून न दिसणारा खंदक खणला, की दिवाणखान्यातून पाहताना हिरवळ अखंड दिसे. ही रुची छान होती, पण माशीच्या बाजूने पाहिले तर तिचे पाळणाघर उंबरठ्याशी आले. त्यात घर उंचवट्यावर, एकटे, फिकट दगडाचे, दक्षिणेला तोंड करून. मैलभर पसरलेल्या गवतात दुपारचे ऊन जास्तीत जास्त वेळ झेलणारा तोच एक कडा. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या चौकटीत वजने सोडण्यासाठी पोकळ खोके असते आणि दोरीसाठी भोक असते. माशीला माळा आणि खोली जोडणारा तो आयता बोगदा झाला. ब्राउनच्या आधी या माश्या घरात येत नव्हत्या असे मात्र मी म्हणत नाही. शेतघरांत आणि चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यांतही त्या सापडतात. पण चर्चही गवताळ दफनभूमीच्या मधोमध उभे असते आणि तिथेही दगडी मनोराच काय तो उंच असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले, पुढे लिंडेनसारखी औषधे आली, आणि माळे फवारले गेले. यात यश मिळाले हे नाकारण्यात अर्थ नाही. एका फवारणीत हजारो माश्या पडत. पण पुढच्या शरदात नवी पिढी गवतातून येई, कारण गवताला कुणी हात लावला नव्हता, आणि लावणार तरी कसा? गांडुळे मारली तर कुरण मरेल, हे व्हाइटने 1777 मध्येच सांगून ठेवले आहे. माळ्यावर माश्यांखेरीज वटवाघळेही राहत आणि लाकडाला फासलेल्या लिंडेनने तीही मेली. 1981 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वटवाघळांना आणि त्यांच्या वसतिस्थानांना संरक्षण मिळाले, त्यानंतर माळ्यावर मनाला येईल ते फवारण्याची सोय राहिली नाही.

म्हणून काहीच करू नये, ही माशी निरुपद्रवीच आहे, असे आज पुष्कळदा ऐकू येते. तेही मला पटत नाही. ती रोग आणत नाही हे खरे, पण भिंतीच्या पोकळीत मेलेल्या माश्यांच्या खचावर गालिच्यात पडणाऱ्या किड्यांच्या अळ्या पोसतात आणि तिथून त्या लोकरी गालिचे, भिंतीवरची विणकामे, पेंढा भरलेले प्राणी यांच्यावर उतरतात. जुन्या घरांचे संग्रहालय करणाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक असतो. विष मारून माशी पोकळीतच पाडणे म्हणजे या किड्यांना पान वाढून देणे होय. फटी बुजवणे हा उपाय खरा, पण तोही पूर्ण नाही. जुन्या छपराच्या लाकडाला वारा लागला नाही तर ते कुजते, आणि वटवाघळांची वाट कायद्यानेच बंद करता येत नाही. त्यामुळे हाती उरते ते थोडके आणि कंटाळवाणे काम. माश्या भिंतीवर जमण्याआधी, ऑगस्टमध्येच, दक्षिण-पश्चिमेकडच्या चौकटींच्या भेगा भरायच्या, झरोक्यांना बारीक जाळी बसवायची. आणि हिवाळ्यात खोलीत उतरलेल्या माश्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून पिशवी त्याच दिवशी बाहेर टाकायची, कारण आत त्या जिवंत असतात आणि ऊब मिळाली की पुन्हा बाहेर येतात.